रात्रपाळीला तिघं आणि दाराशी पाणी: मुलांच्या वॉर्डाची पूरतयारी

ऑगस्ट २०१९ मधली गोष्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकडच्या भागातल्या एका रुग्णालयात मी तेव्हा मुलांच्या वॉर्डाची इनचार्ज सिस्टर होते. आपत्तीचा आराखडा आमच्याकडे होता, छान बाइंडिंग केलेला. त्यात समित्या होत्या, फोन नंबर होते, कोणी कोणाला कळवायचं त्याचे बाण होते. ‘बालक’ हा शब्द त्यात एकदाच आला होता, खाटांच्या संख्येच्या तक्त्यात.

पाणी आवारात शिरलं तेव्हा वॉर्डात रात्रपाळीला एक सिस्टर, एक मावशी आणि एक मामा. मला घरी जाता आलं नव्हतं म्हणून मी चौथी. लहान मास्क, २४ नंबरच्या सुया, फीडिंग ट्यूब, सगळं तळमजल्यावरच्या स्टोअरात. किल्ली स्टोअरकीपरकडे आणि स्टोअरकीपर नदीपलीकडे अडकलेला. मामांनी कुलूप फोडलं तोवर खालचे दोन कप्पे पाण्यात होते. दम लागलेल्या सात महिन्यांच्या बाळाला आम्ही मोठ्यांचाच मास्क उलटा लावला, नाकाचं टोक हनुवटीकडे करून. बाळ निभावलं. पण त्याची आई माझ्या हातांकडे ज्या नजरेनं बघत होती, ती नजर अजून आठवते.

तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे. रात्री तीन वाजता, वीज गेलेली, डॉक्टर रस्त्यात अडकलेले, अशा वेळी हे काम त्या तिघांना जमेल का? जमणार नसेल तर ते आराखड्यातून काढून टाका किंवा सोपं करा. खाली लिहिलेलं सगळं या कसोटीतून गेलेलं आहे. लहान नर्सिंग होम असो की उपजिल्हा रुग्णालय, खर्च फार नाही.

फुटांवर काम बांधा

आमच्याकडच्या पुराचा एक उपकार मानावा लागतो, तो सांगून येतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि पुलापाशी किती फूट झालं, हे पावसाळ्यात सांगलीत भाजीवाल्यालाही माहीत असतं. म्हणून ‘परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा’ असली वाक्यं खोडली आणि आकडे लिहिले. ३० फूट: पेट्या तपासायच्या, सिलिंडर भरून आणायचे, तळमजल्यावरचं मुलांचं सामान वर न्यायचं. ३५ फूट: घरी जाऊ शकतील अशा मुलांना औषधं बांधून देऊन सोडायचं, पण घर पूरपट्ट्यात नाही ना हे विचारूनच. ४० फूट: ऑक्सिजनवरची आणि दोन किलोच्या आतली बाळं मिरजेला हलवायची. रस्ता उघडा आहे तोवरच. ४५ नंतर रस्त्यानं कोणाला पाठवायचं नाही, जे आहेत त्यांना वरच्या मजल्यावर घेऊन बसायचं.

हे आकडे आमच्या इमारतीचे आहेत. तुमची इमारत उंचावर असेल तर तुमचे वेगळे येतील. ते काढताना जुन्या पुराच्या खुणेवर विसंबू नका. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती आणि सगळ्यांचा तिच्यावर भरवसा. “इथवर येत नाही हो पाणी,” असं म्हणत आम्ही एक अख्खा दिवस घालवला आणि २०१९ चं पाणी ती रेघ ओलांडून गेलं. तोवर अंकलीकडचा रस्ता बंद झाला होता.

कोकणातल्या मैत्रिणींना हे टप्पे उपयोगाचे नाहीत. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी रातोरात चढलं. तिथं अतिवृष्टीचा इशारा आणि भरतीची वेळ या दोन गोष्टी एकत्र आल्या की ४० फूट झाले असं समजून कामाला लागायचं.

दुसऱ्या टप्प्यातलं आणखी एक काम आराखड्यात कधीच नसतं. ड्युटीवरच्या सिस्टरची स्वतःची पोरं कुठं आहेत? २०१९ ला आमच्या दोघी येऊ शकल्या नाहीत, त्यांचीच घरं पाण्यात होती. मी त्यांना दोष देणार नाही. आता ३५ फुटांना वरच्या मजल्यावरची एक खोली कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी मोकळी करतो, एका मावशींची ड्युटी तिथं लावतो. हजेरीचा प्रश्न निम्मा तिथंच सुटतो.

तीन पेट्या, कुलूप नाही

प्लास्टिकच्या, झाकणाच्या, एका माणसाला उचलता येतील अशा तीन पेट्या. वॉर्डातच ठेवायच्या, छातीच्या उंचीवर. झाकणावर चिकटपट्टी आणि तपासल्याची तारीख. कुलूप लावायचं नाही. चोरी होईल म्हणून घाबरवणारे भेटतील. आमच्या पेटीतून आजवर फक्त टॉर्चचे सेल गेलेत, आणि कोणी नेले तेही मला माहीत आहे.

पेट्या आजारावर नाही, वजनावर लावा. पहिली ५ किलोच्या आतल्यांची, दुसरी ५ ते १५, तिसरी त्यावरच्यांची. पहिलीत २४० मिलीची अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), ० आणि १ नंबरचे गोल मास्क, २४ आणि २६ नंबरच्या सुया, ५ आणि ६ नंबरच्या फीडिंग ट्यूब, टोप्या, मोजे, दुपटी. दुसरीत ५०० मिलीची बॅग, २२ आणि २४ च्या सुया, ८ नंबरची ट्यूब. मोठ्या मुलांच्या पेटीत फार वेगळं काही लागत नाही, मोठ्यांचं सामान बऱ्यापैकी चालून जातं. पायानं चालणारं एक सक्शन (घशातला चिकटा ओढून काढायचं यंत्र) मात्र पेट्यांशेजारी हवंच, कारण विजेचं सक्शन नेमकं हवं तेव्हाच बंद असतं.

पहिल्या दोन पेट्यांत न विसरता ठेवायची वस्तू म्हणजे ६० थेंबांना १ मिली देणारा मायक्रो ड्रिप सेट आणि शंभर मिलीची ब्युरेट, म्हणजे बाटली आणि नळीच्या मधलं मापाचं भांडं. साध्या सेटवर ५०० मिलीची सलाइनची बाटली लावून सिस्टर दुसऱ्या खाटेकडे धावली आणि चार किलोच्या बाळाच्या अंगात ती निम्मी उतरली, तर पुरापेक्षा आपणच मोठं संकट झालो. ब्युरेटमध्ये तासापुरतंच पाणी असतं. विसरलं तरी तेवढंच जातं.

वजन आणि मिलीचा तक्ता

मुलांचं जवळजवळ सगळं वजनावर चालतं, म्हणून आधी काटा. अंगणवाडीत असतो तो झोळीचा, स्प्रिंगचा काटा एक मिळवा. त्याला ना वीज लागते ना सेल. मोजायला वेळच नसेल तर एक ते दहा वर्षांच्या मुलासाठी वय दुप्पट करून त्यात ८ मिळवायचे: तीन वर्षांचं मूल म्हणजे सुमारे १४ किलो. आपल्याकडच्या हडकुळ्या पोरांना हा हिशोब थोडा जास्तच येतो, तेव्हा मूल डोळ्यांना बारीक दिसत असेल तर पुढच्या तक्त्यातली एक पायरी कमी वजनाची ओळ घ्या. लांबीवरून वजन सांगणाऱ्या रंगीत पट्ट्या मिळतात. त्या परदेशी मुलांवर बेतलेल्या असतात, त्यामुळे त्यांनाही हेच लागू.

मग भिंतीवर तक्ता. डावीकडे वजन: ३, ५, ८, १०, १२, १५, २०, २५, ३०. समोर औषधं, आणि आकडे मिलीतच. मिलिग्रॅमचं मिली करायला लावायची ती वेळ नसते. १० किलोच्या ओळीत आमच्याकडे असं लिहिलंय: साखर उतरली तर १० टक्के डेक्स्ट्रोज २० मिली शिरेतून, शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलं तर, सलाइन १०० मिली, मग पुन्हा नाडी, श्वास बघून पुढचं, तापाला पॅरासिटामॉलचं सिरप ६ मिली. हे ६ मिली १२५ च्या सिरपचे, म्हणजे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेल्या. २५० चं असेल तर ३ मिलीच. दोन्ही बाटल्या मेणबत्तीच्या उजेडात जुळ्या बहिणी दिसतात. आम्ही २५० ची वॉर्डातून हद्दपारच केली. तक्त्यावर तुमच्या बालरोगतज्ज्ञांची सही घ्या, वर्षातून एकदा नव्यानं, आणि लॅमिनेट करा.

या वजनाच्या राज्यात एक अपवाद लाल शाईत लिहून ठेवा. पुरात साप घरात येतात. सर्पदंशाच्या लसीचा डोस मुलाला मोठ्याइतकाच. सापानं विष सोडताना वजन विचारलेलं नसतं. ‘लहान आहे, निम्मी द्या’ असं मी एका अनुभवी माणसाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून हे मुद्दाम सांगते.

सिलिंडरचा हिशोब

हा हिशोब मावशींनाही शिकवा, अवघड नाही. लहान बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, मोठ्या डी टाइपमध्ये ७,०००. बाळाला मिनिटाला १ लिटर चालू असेल तर तासाला ६०, म्हणजे बी टाइप २५ तास पुरतो. बबल सी-पॅपवर (नाकातून सतत दाबानं हवा देणाऱ्या साधनावर) मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर तोच सिलिंडर ५ तासांत संपला. कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र, विजेवर चालतो, त्यामुळे या हिशोबात तो धरूच नका. रस्ता तीन दिवस बंद राहील असं गृहीत धरून आज वॉर्डात असलेल्या बाळांची बेरीज करा. पाना सिलिंडरला दोरीनं बांधून ठेवा. पाना हरवणं ही आमच्या व्यवसायातली सर्वांत जुनी आपत्ती.

जनरेटर तळघरात असेल तर तो पुराच्या दिवशी नाही असं समजायचं. वॉर्मरला जवळजवळ इस्त्रीइतकी वीज लागते, तो इन्व्हर्टरवर ओढू नका. बाळाला ऊब द्यायचा दुसरा उपाय पुढे येतोच.

बाळांना हलवणं

पुरात वर जायचं आणि आगीत शेजारी जायचं, म्हणजे त्याच मजल्यावर, दरवाजाआड, धूर नसलेल्या बाजूला. दोन्हींची तालीम वेगवेगळी हवी. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली, १७ बाळांपैकी १० गेली. त्या बातमीनंतर मी आमच्या तिघांना पहिला प्रश्न विचारला: वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहे? तिघांनाही माहीत नव्हतं. मलाही शोधावा लागला, पडद्यामागे होता. आता त्याच्याभोवती लाल रंगाचा चौकोन आहे आणि बंद कोणी करायचा तेही लिहिलंय. बाळं बाहेर काढायच्या आधी बंद केला तर ऑक्सिजनवरच्या बाळाला अंबू बॅग द्यायला एक हात मोकळा हवा, हे लक्षात ठेवा.

इनक्युबेटर जिन्यानं जात नाही. लिफ्ट वापरायची नाही. मग बाळ जाणार कसं? आईच्या छातीवर. उघड्या छातीला उघडं बाळ, डोक्याला टोपी, वरून साडी किंवा ओढणी गच्च गुंडाळलेली. कमी वजनाच्या बाळांना वाढवायची कांगारू पद्धत आपल्याकडे रोजची आहे, तीच इथं वाहन होते आणि तीच वॉर्मर होते. आईचे दोन्ही हात मोकळे राहतात, एका हातानं कठडा धरता येतो. म्हणूनच वॉर्डात दाखल झाल्यापासून रोज एकदा प्रत्येक आईला बाळ असं बांधायला शिकवा, म्हणजे ऐन वेळी शिकवावं लागत नाही. आई जवळ नसेल तर आजी, वडील, मावशी. वडील लाजतात. मी त्यांना सांगते, “दादा, शर्टाची बटणं काढा, लाजायला उद्याचा दिवस आहे.”

गाठ निरगाठ नको, सुरगाठ हवी. एका ओढीसरशी सुटली पाहिजे. बोटीत बसायची वेळ आली तर हे आणखी महत्त्वाचं, बाळ आईला असं बांधलेलं नसावं की दोघांना वेगळं करताच येऊ नये. २०१९ च्या पुराच्या त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला बोट उलटली होती. बोटीत किती माणसं बसवायची यावर वाद घालायला लाजू नका, आणि मोठ्यांचं लाइफ जॅकेट पोरांच्या अंगातून निसटतं, मुलांच्या मापाची आहेत का ते आधी विचारा.

कोणाचं मूल कोणाकडे

हलवाहलवीत बाळं बदलतात, हरवतात. नवजात बाळाच्या मनगटावरचा पट्टा ओल्या हातानं सहज निघतो. म्हणून दोन पट्टे, एक हाताला, एक पायाला, आणि पाठीवर न पुसणाऱ्या मार्करनं आईचा नोंदणी क्रमांक. ४० फुटांना प्रत्येक आई आणि मुलाचा एकत्र फोटो सिस्टरच्या मोबाइलवर घ्यायचा, पट्ट्यावरचा नंबर दिसेल असा. मूल दुसरीकडे पाठवलं की कुठं, कोणाबरोबर, किती वाजता, हे रजिस्टरात लिहायचं. हे रजिस्टर कागदाचंच, प्लास्टिकच्या पिशवीत.

एकटं आलेलं मूल हे वेगळं प्रकरण. दोन दिवसांत तीन जण ‘मी तिचा काका’ म्हणत एका चार वर्षांच्या मुलीसाठी आले होते. तिघांतला एक खरा होता. आम्ही कोणालाच दिली नाही, त्यावरून खूप ओरडा खाल्ला. कायदा स्पष्ट आहे: पालकांपासून ताटातूट झालेलं मूल मिळालं तर २४ तासांच्या आत पोलीस, १०९८ ही मुलांची हेल्पलाइन किंवा बालकल्याण समितीला कळवायचं, आणि ताबा कोणाला ते समिती ठरवते. तोवर एकच मावशी त्या मुलाबरोबर, पाळीगणिक बदलत राहणारी नको. नातेवाइकाला मुलाचं नाव आधी सांगू नका, त्यालाच विचारा. आणि मुलाकडे बघा. ओळखीच्या माणसाला पाहून चार वर्षांचं मूल जे करतं, ते नाटकानं साधत नाही. तरीही तेवढ्यावर सोपवायचं नाही.

दुधाचे डबे

पूर ओसरायच्या आत मदतीचे ट्रक आले. त्यात बाळांच्या दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या. देणाऱ्यांचं मन मोठं होतं, पण आमच्याकडे बाटली उकळायला स्वच्छ पाणी नव्हतं. पुराच्या पाण्यात धुतलेली बाटली म्हणजे जुलाब. शिवाय आईनं दोन दिवस डब्याचं पाजलं की तिचं दूध आटायला लागतं आणि ट्रक काही रोज येत नाहीत. असे डबे फुकट वाटायला १९९२ च्या कायद्यानंच बंदी आहे. आम्ही डबे स्टोअरात ठेवले. ज्या बाळाला खरंच आई नाही किंवा आईचं दूध मिळण्याचा मार्ग नाही, त्यालाच डॉक्टरांच्या लेखी सूचनेनं, आणि वाटी-चमच्यानं.

आईला घाबरल्यामुळे दूध येत नाही असं वाटतं. येतं. पान्हा थोडा उशिरा फुटतो इतकंच. तिला बसायला आडोसा द्या, खायला द्या, पाणी द्या, सासूबाईंना जरा बाहेर बसवा.

गर्दी एकदम आली तर

भिंत कोसळली, शाळेची गाडी उलटली, आणि वीस मुलं एकदम आली तर क्रम कसा लावायचा? मोठ्यांच्या पद्धतीत श्वासमार्ग उघडूनही श्वास नसेल तर काळी पट्टी (गेलेला समजून) बांधून पुढं जायचं असतं. मुलांच्या बाबतीत तिथं थांबायचं. मुलाचा श्वास आधी बंद पडतो, हृदय मागाहून. म्हणून नाडी लागत असेल तर पाच श्वास द्या. श्वास सुरू झाला तर लाल पट्टी, म्हणजे उपचार सगळ्यात आधी. श्वास मिनिटाला १५ च्या खाली किंवा ४५ च्या वर, नाडी हाताला लागत नाही, हाकेला किंवा चिमट्याला नीट प्रतिसाद नाही, यातलं काहीही असलं तरी लाल. बाकी न चालणारी पिवळी (त्यानंतर), चालणारी हिरवी (थांबू शकणारी). तान्ही बाळं चालतच नाहीत, त्यांना कडेवर आली म्हणून हिरवी समजू नका, प्रत्येकाला तपासा. आणि मोठ्यानं रडणाऱ्याकडे धावू नका. जे पोर गप्प आहे तिकडे आधी जा.

पूर उतरल्यावरची रांग मुख्यतः जुलाब आणि तापाची असते. ओआरएसचं एक पाकीट एक लिटरला. लिटरचं भांडं कोणतं ते आईला प्रत्यक्ष दाखवा, घरचा तांब्या लिटरचा असेलच असं नाही. जुलाब झालेल्या मुलाला झिंक १४ दिवस, सहा महिन्यांच्या आत १० मिलिग्रॅम, पुढे २०. जुलाब दोन दिवसांत थांबले तरी गोळ्या पूर्ण.

तालीम

वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्यात, एकदा न सांगता, आणि रात्रीच. बाळांच्या जागी दोन-दोन किलो तांदळाच्या पिशव्या दुपट्यात गुंडाळून ठेवा, त्यांना पट्टे बांधा, दिवे घालवा आणि घड्याळ लावा. पहिल्या वेळी आम्हाला सहा ‘बाळं’ वरच्या मजल्यावर न्यायला २२ मिनिटं लागली आणि एक पिशवी जिन्यातच राहिली. कारण साधं होतं, वर कोणी मोजत नव्हतं. आता जो सगळ्यात आधी वर पोचतो तो खाली परत येत नाही, तो दाराशी उभा राहून मोजतो. मागच्या मे महिन्यात ९ मिनिटं लागली. पिशव्या सहाच्या सहा होत्या, पण दोघींचे पट्टे अदलाबदल झालेले निघाले, तेव्हा मार्करनं पाठीवर लिहायचं काम आता ४० फुटांवरून ३५ वर आणलंय.